आम्ही काहीच विकत घेत नाही

ये, अशी जवळ ये. तो मोबाइल पालथा ठेव आणि बस जरा. कागदावर कसं जवळ बसणार म्हणशील, पण तू वाचत असशील तेव्हा मी शेजारीच आहे असं धर. आणि आधी बोलणी खा. परवा फोनवर तू हसलीस. मी म्हटलं, निराधारचे पैसे वाढवायचे म्हणून एक मुलगी गल्लीत चौकशी करून गेली, तिचं काय खरं नाही. तर तू म्हणालीस, "आजी, तुला ना सगळ्यांचाच संशय येतो." आणि मीटिंग आहे म्हणून ठेवूनच दिलास फोन. पुण्याच्या ऑफिसात बसून हसायला काय जातं, बाई. तिथं पगार येतो तेव्हा 'हिला अजून गरज आहे का' म्हणून कुणी दारात येत नाही. माझ्या दारात येतात. म्हणून आता सगळं पहिल्यापासून ऐक. यात तूही आहेस, ते तुला अजून माहीत नाही.

तुझे आजोबा गेले तेव्हा तुझ्या आईचं लग्न होऊन गेलेलं. मी द्राक्षाच्या कामाला जायची. नाक्यावर पिकअप यायची, आम्ही बाया मागं उभ्या राहून निफाडकडच्या बागांत जायचो. घड विरळायचे, औषधात बुडवायचे, संध्याकाळी हात हिरवे-काळे घेऊन परत. पुढं गुडघे गेले, मग पिकअपमध्ये चढता येईना. तेव्हा तलाठी, सेतू केंद्र, बँक असे हेलपाटे घालून घालून माझे निराधारचे पैसे सुरू झाले. ज्याला कमावतं माणूस नाही त्याच्या खात्यात सरकार महिन्याला टाकतं, ते. लोकांना वाटतं फुकटचे. त्यांनी एकदा ते हेलपाटे घालून बघावेत.

पहिल्यांदा पैसे आले तेव्हाचं मला लख्ख आठवतं. तेल घेतलं, तूरडाळ घेतली, चहा पावडर, रक्तदाबाच्या गोळ्या, आणि मिश्रीची डबी, जी मी तुझ्या आईपासून लपवायची. तरी थोडे उरले. मी पदराला गाठ मारून घरी आले. मधे एखाद-दुसऱ्या वेळी पैसे वाढलेही, नाही कशाला म्हणू. पण गंमत बघ, आमचे पैसे वाढले की पुढच्याच महिन्यात दूधवाला भाव वाढवतो, किराणावाला वाढवतो, पिठाची गिरणी वाढवते. आमच्या खात्यात पैसे पडायच्या आधी यांना कोण सांगतं, हे मला अजून उमगलेलं नाही.

आणि जे भाव वाढवत नाहीत ते तर आणखी पोचलेले. दहाचा बिस्किटाचा पुडा घे. तेव्हाही दहाला, आताही दहाला. दुकानदार म्हणतो, आजी, याचा भाव वाढलाच नाही. पण माझ्या हाताला कळतं ना. पूर्वी पुडा मुठीत भरायचा, आता बोटांत मावतो. वरचं चित्र तेच, रंग तोच, आत बिस्किटं कमी. माझे निराधारचे पैसेही मला तसेच वाटतात. आकडा तोच दिसतो, आतलं कुणीतरी खाऊन गेलेलं असतं.

तर गल्लीत बातमी आली. कोपऱ्यावरच्या मावशीनं टीव्हीवर ऐकलं, की महागाई बघून निराधारचे पैसे वाढवणार आणि त्याआधी पाहणी करणार. मावशी म्हणजे आमच्या गल्लीची तोंडपाटलीण. तिनं लगेच अर्थ सांगितला. "वाढवणार म्हणून सांगायचं, माणसं मोजायला पाठवायची आणि निम्मी नावं उडवायची. मग उरलेल्यांना वाढवून काय जातंय सरकारचं?" मला ते पटलं. तुलाही पटलं असतं, कारण मागच्या गल्लीतल्या एकीचे पैसे तेव्हा नुकतेच बंद झाले होते. का झाले कुणाला ठाऊक नाही. बँकेत म्हणे तिला सांगितलं की अंगठ्याचा ठसा उमटत नाही. पण आम्हाला माहीत होतं की तिचा निफाडचा भाचा तिच्या दारात भरदिवसा गव्हाची पोती उतरवून गेला होता. आम्ही पोती धरली, अंगठा सोडून दिला. कुणीतरी सांगितलं असणार वरती. कोण, यावर गल्लीत महिनाभर कुजबुज चालली, आणि प्रत्येकीनं दुसरीकडं बघून दार लावायला सुरुवात केली.

तेव्हापासूनच मी तुला सांगायची, येताना मोठी पिशवी आणू नकोस, मागच्या बोळातून ये. तू म्हणायचीस, आजीला गर्दी आवडत नाही. गर्दीचं काय गं. तुझी पिशवी कुणी बघू नये म्हणून.

आता आमच्या गल्लीची एक रीत सांगते. शेजारच्या आपा तुला माहीत आहेत, शिवणकाम करतात त्या. त्यांचं मशीन दारातच. सकाळपासून खडखड चालू असतं, आम्हाला त्याची इतकी सवय की ते ऐकू येत नाही. ऐकू येतं ते थांबल्यावर. गल्लीच्या तोंडाशी गळ्यात ओळखपत्र घातलेलं कुणी दिसलं की आपा पाय उचलतात आणि मशीनवर चादर टाकतात. मशीन थांबलं की सगळ्या घरांत हालचाल सुरू. गॅसची टाकी खाटेखाली जाते, वरून गोधडी. चांगली भांडी पिंपात. तू दिलेला मिक्सर गोणपाटात. पुढं दिसायला एक ताट, एक तांब्या, एक चेपलेलं पातेलं. याला आम्ही घर उतरवणं म्हणतो. पाहुणे येणार म्हणून लोक घर मांडतात, आम्ही उतरवतो.

त्या दिवशी मशीन थांबलं आणि मी उतरवलं. दूध नुकतंच तापवलेलं होतं, ते वेताच्या पाटीखाली झाकलं. तेवढ्यात दारात स्कूटी थांबली. चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळलेली मुलगी, तुझ्याच वयाची. स्कार्फ सोडला, घाम पुसला आणि म्हणाली, "आजी, थोडी माहिती हवी होती. महिन्याला काय काय लागतं घरात, तेवढंच."

मी मनात म्हटलं, आली वेळ.

"तेल किती लागतं महिन्याला?"

"तेल कुठलं आलंय. उकडून खाते."

"डाळ?"

"कुणी दिली तर."

"दूध?"

"मी कोरा चहा पिते."

तेवढ्यात मांजर आलं आणि पाटीभोवती फिरायला लागलं. पाटीला नाक लावून ओरडायला लागलं. मी त्याला पायानं सरकवते, ते परत येतं. मुलगी एकदा मांजराकडं बघते, एकदा माझ्याकडं.

"औषधं काही?"

"नाही. गुडघ्याला चोळते."

"काय चोळता?"

तेल म्हणणार होते, पण तेल नाही म्हणून बसलेले. "हातच चोळते," म्हटलं.

तिनं ओठ दाबून हसू गिळलं. मग विचारलं, "कुणी मदत करतं का? मुलगी, नात, कुणी?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "मला कुणीच नाही."

हे म्हणताना मी भिंतीकडं बघत होते, आणि भिंतीवर तुझा शाळेतला फोटो. घर उतरवलं पण तो उतरवायचा राहून गेला होता. तिनं फोटो पाहिला की नाही मला माहीत नाही. मोबाइलवर बोट फिरवत गेली आणि पुढच्या घरात शिरली.

पुढं आपांकडं तेच. दोरा? घेत नाही. मग शिवता कशानं? मशीन बिघडलंय. कोपऱ्यावरच्या मावशीनं तर कहर केला, ती म्हणाली मी उपासच करते. सगळी गल्ली करून मुलगी परत माझ्या ओट्यावर येऊन बसली, पाणी मागितलं. मी दिलं. पाणी पिऊन ती मोबाइलकडं बघत म्हणाली, "आजी, एक सांगू का? तुमच्या गल्लीत कुणाला तेल लागत नाही, दूध लागत नाही, गोळ्या लागत नाहीत. तुम्ही काहीच विकत घेत नाही. मी हे असंच वर पाठवलं तर ते म्हणतील, या लोकांना महागाई लागतच नाही. मग पैसे वाढवायचे कशाला?"

हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आम्ही गरीब दिसावं म्हणून सगळं लपवलं, आणि लपवून लपवून असं केलं, की आमचा खर्चच नाही.

पण मी काही लगेच विरघळणारी नाही. म्हटलं, "तू कुणाची? कुठली?"

"कळवणची. इथं खोली घेऊन राहते. हे पाहणीचं काम तात्पुरतं आहे. मी नाव लिहीतच नाही, आजी. काय घेता आणि केवढ्याला घेता, एवढंच. त्यावरून ठरतं किती वाढवायचं."

"नाव नाही लिहीत, तर मग वाढलेले पैसे मला द्यायचे हे त्यांना कळणार कसं?"

"ते वेगळं खातं असतं."

"एकाच सरकारची दोन खाती, आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत?"

त्यावर ती हसली. म्हणाली, "बोलली असती तर तुम्हाला इतके हेलपाटे पडले असते का?" हे मात्र खरं बोलली. जाताना म्हणाली, "उद्या बंद घरांसाठी परत यायचंय. कुणाला काही बदलून सांगायचं असेल तर सांगा. परवा मी हे पाठवून टाकते."

संध्याकाळी आपांच्या दारात बसलो. मी सगळं सांगितलं. मावशी म्हणाली, "फसू नको. गोड बोलणारीला जास्त पगार असतो. आणि तुझ्याकडं ती चहा प्यायली का? पाणी प्यायली. सरळ माणूस चहाला नाही म्हणत नाही."

"अगं, मी विचारलाच नाही चहा. दूध नाही म्हणून सांगितलं होतं ना."

"तेच. तुला अडकवलं तिनं."

आपा मान खाली घालून काज करत होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, लडकी सच बोलतेय की झूठ, मला नाही कळत. पण बघा." आणि त्यांनी मशीनचा खण उघडला. शुगरच्या गोळ्यांची पट्टी काढली. प्रत्येक गोळी मधोमध कापलेली. कापड कापायच्या कात्रीनं. "पूर्ण पट्टी महिनाभर पुरत नाही आता. आधी एवढ्याच पैशात दो पत्ते यायचे. म्हणून अर्धी घेते. डॉक्टरला नाही सांगितलं."

मावशी उठताना एवढं म्हणाली, "नाव कापलं तर अर्धीपण नाही मिळायची." आणि तेही खरंच होतं. खरं सांगितलं तर नाव जाईल ही भीती, आणि नाही सांगितलं तर आपांची गोळी अर्धीची पाव होईल. बाया उठल्या, प्रत्येकीनं आपलं दार लावलं. कुणी काही ठरवलं नाही. आमच्या गल्लीत आधी दुसरी काय करते ते बघायचं असतं.

दुसऱ्या दिवशी आपांचं मशीन पुन्हा थांबलं. हात आपोआप टाकीकडं गेला. गोधडी ओढली आणि तशीच हातात घेऊन उभी राहिले. तुला सांगते, मला त्या मुलीचा विश्वास वाटला होता म्हणून नव्हे. आजही मला तिचा पुरता विश्वास नाही. पण ती पट्टी डोळ्यांपुढून जाईना. मी गोधडी घडी करून ठेवली. टाकी जागच्या जागी. दूध पुढं काढलं. आणि मिक्सर गोणपाटातून काढून कट्ट्यावर ठेवला, अगदी दारातून दिसेल असा.

मुलगी आली, तशी मी म्हटलं, "बस. चहा घेणार ना?"

"घेते की," ती म्हणाली. मावशीनं हे ऐकायला हवं होतं.

चहा ठेवला, पण आधी मी तिची परीक्षा घेतली. म्हटलं, "तूरडाळ काय भाव आहे आता?" तिनं बरोबर सांगितला, आणि वर म्हणाली की ती मूगच आणते, तूर परवडत नाही. म्हटलं, "मोबाइल दाखव. मला वाचता येतं." तुझ्या आईची पुस्तकं बघून बघून शिकलेय मी, ते काही तिला सांगितलं नाही. तिनं मोबाइल पुढं केला. नाव खरंच नव्हतं. पण घराचा नंबर होता.

"हे काय मग?"

"दोनदा तेच घर होऊ नये म्हणून."

"नंबरावरून नाव काढता येतं."

"येतं," ती म्हणाली. "पण मी नाही काढणार. वरचे काढतील का, ते मी कसं सांगू? खोटं नाही बोलत."

तिनं 'नाही काढता येत' म्हटलं असतं ना, तर मी तिला तिथूनच परत पाठवली असती. ती कसं सांगू म्हणाली, म्हणून मी बोलायला लागले. तेल किती, कुठल्या दुकानातून, सुटं घेतलं तर केवढ्याला. डाळ. दूध. रक्तदाबाची गोळी, गुडघ्याचं मलम. गॅसची टाकी, आणि ती आणून देणाऱ्याला वर द्यावे लागतात ते. फोनचं रिचार्ज, कारण तुझा फोन यायला तो चालू पाहिजे. मिश्रीची डबीपण सांगितली. ती भराभर टिपत होती. मग मी बिस्किटाच्या पुड्याचं सांगितलं, की भाव तोच पण आत कमी. तिचं बोट थांबलं.

"आजी, याला रकाना नाही. मी भाव लिहू शकते. पुडा बारीक झाला हे कुठं लिहू?"

"मग पाहणी कसली करता? चोरी तर तिथंच आहे."

तिनं विचार केला, खाली 'शेरा' म्हणून एक जागा होती तिथं लिहिलं. मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, "'फसवणूक' लिही." ती म्हणाली, "'वजन कमी झाले' लिहिते." तेवढ्यावर तडजोड केली.

मग तिनं शेवटचा प्रश्न परत विचारला. हळूच विचारला. "कुणी मदत करतं का?"

"नात आहे," मी म्हटलं. "पुण्याला. ती फोटोत आहे ती. हा मिक्सर तिनं दिलाय. दिवाळीला पैसे पाठवते, मी नको म्हणते तरी."

"काल पाहिला होता मी फोटो," ती म्हणाली. एवढंच. मग चहा प्यायली.

ती अजून माझ्याकडंच बसली होती आणि शेजारून खडखड ऐकू आली. आपांचं मशीन. गळ्यात ओळखपत्र घातलेलं माणूस गल्लीत असताना ते चालू झालं, असं मी पहिल्यांदाच ऐकलं. मुलीला त्यातलं काही कळलं नाही. ती म्हणाली, "काल बिघडलं म्हणत होत्या ना?" मी म्हटलं, "झालं असेल दुरुस्त."

आपांनी पट्टी दाखवली तिला. मावशीनं मात्र दार उघडलं नाही. ती आजही उपासच करते, सरकारदरबारी.

आता पुढचं म्हणशील तर काही नाही. मुलगी परत आली नाही. पैसे वाढले नाहीत आणि बंदही झाले नाहीत. मोबाइल वाजला की मी घाबरत बघते, बँकेचा मेसेज असतो की रिचार्जचा. गेल्या आठवड्यात एक माणूस गल्लीत आला आणि घरांच्या नंबराच्या पाट्यांचे फोटो काढून गेला. पाणीपट्टीचा आहे म्हणाला. असेल. मावशी म्हणते, बघ, तुझाच नंबर त्यानं आधी टिपला. मी पाहिलं नाही, पण आता झोपताना तेच आठवतं. आपा अजून अर्धीच गोळी घेतात. मी त्यांना म्हटलं, डॉक्टरला तरी खरं सांगा. त्या म्हणाल्या, आधी तुमच्या सरकारचं बघू.

तर हे असं आहे. मला संशय येतो, खरंच येतो, त्या मुलीचा, त्या पाटीवाल्याचा, कधी मावशीचापण. पण एक गोष्ट मला डाचते ती वेगळी. पैसे जातील म्हणून मी एकदा, भरदुपारी, तुझ्या फोटोसमोर बसून, मला कुणीच नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी फिरवलं, पण म्हटलं ते म्हटलं. कुणाच्या तरी मोबाइलमध्ये ते अजून तसंच पडलं असेल, असं वाटतं.

म्हणून सांगते ते ऐक, हसू नकोस. दिवाळीची वाट बघू नकोस, त्याच्या आधी ये. मागच्या बोळातून नको. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी सोड आणि चालत ये, उन्हाचीच ये, सगळ्यांना दिसेल अशी. पिशवी आण, मोठी आण. आपांच्या दारात थांबून त्यांना आधी सलाम कर, त्या तुझ्या मापाचा झंपर बेतून ठेवतायत. मावशी खिडकीतून बघेल, तिलाही हात कर. मी दूध जास्त घेऊन ठेवते. लवकर ये.